साखरेची लोकर

यज्दला पोचले त्या संध्याकाळी मी ओढणी धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकली आणि चहाचा दुसरा पेला संपेपर्यंत ती वाळून कडक झाली. ऊन नव्हतं, वारा नव्हता, महिना नोव्हेंबरचा. श्रावणात टॉवेल दोन-दोन दिवस दमट राहतो अशा पुण्यातल्या घरातून मी आलेली, त्यामुळे त्या ओढणीचं मला अप्रूप वाटलं. दुसऱ्या दिवशी ओठ फुटले आणि अप्रूप ओसरलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की घरमालकिणीने आल्या दिवशी बशीत ठेवलेले कोत्ताब, म्हणजे बदामाचं सारण भरून तळलेले आणि पिठीसाखरेत घोळवलेले गोळे, अजून उघडेच आहेत आणि वरची पिठीसाखर पहिल्यासारखीच भुरभुरीत आहे. आपल्याकडे शंकरपाळ्यांचा डबा तासभर उघडा राहिला तर घरात केवढा आरडाओरडा होतो!

त्या बशीकडे मी तेव्हा नीट पाहिलं असतं तर पुढे पुण्यात माझी दोन वाट्या साखर वाया गेली नसती.

यज्द इराणच्या मध्यभागी आहे, कवीर आणि लूत या दोन वाळवंटांच्या मधल्या पट्टीत. वर्षभरात पाऊस सरासरी ५०-६० मिलिमीटर. पुण्याच्या घाटमाथ्यावर जुलैत एवढा पाऊस एका दुपारी पडून जातो आणि कुणी त्याची नोंदही घेत नाही. मी गेले होते ते वारा पकडणारे मनोरे पाहायला. त्यांना तिथे बादगीर म्हणतात. घराच्या छपरावर मातीचा उंच चौकोनी मनोरा, त्याला उभ्या फटी. वरचा वारा त्यातून खाली खोलीत उतरतो. दौलताबाद बागेतला मनोरा ३३ मीटर उंच आहे, त्याच्याखाली उभं राहिलं की पंख्याखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. जमिनीखालून कित्येक किलोमीटर पाणी वाहून आणणारे कनात पाहिले. २०१७ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. या सगळ्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणखी भर घालत नाही. माझा पाय अडकला तो मिठाईच्या दुकानात.

अमीर चखमाक चौकात हाज खलिफे रहबर यांचं जुनं, नावाजलेलं दुकान आहे. आत खोकीच खोकी आणि गर्दी. खिशातल्या नोटांवर रियाल आणि दुकानदाराच्या तोंडी तोमान; दहा रियालांचा एक तोमान हे पाठ असूनही प्रत्येक वेळी मी एक शून्य जास्त तरी मोजत होते नाहीतर कमी तरी. परदेशी बँकांची कार्डं तिथे चालत नाहीत, त्यामुळे जवळची रोकड हीच सगळी पुंजी, आणि शून्याची चूक परवडणारी नव्हती. माझी ही धांदल पाहून शेजारच्या बाईंनी आपल्या खोक्यातून एक पांढरा पुंजका काढून माझ्या तळहातावर ठेवला. “बेफरमाईद.” घ्या ना.

पुंजका हाताला लागलाच नाही, इतका हलका. मला वाटलं म्हातारीचे केस. पर्वतीच्या पायथ्याशी काठीला लावलेल्या पिशव्यांतून विकतात ते, गुलाबी. तोंडात टाकला. केस विरघळतात तसा तो विरघळला, पण मागे काहीतरी उरलं. तुपात भाजलेल्या पिठाचा खमंगपणा. बेसनाच्या लाडवाच्या दारापर्यंत जाऊन परत आल्यासारखं.

त्याचं नाव पश्मक. पश्म म्हणजे लोकर. आपण पश्मिना म्हणतो त्यातली. त्याला ‘क’ लावला की लडिवाळ रूप होतं, म्हणजे इवलीशी लोकर. म्हातारीच्या केसांशी त्याचं नातं दिसण्यापुरतंच आहे. म्हातारीचे केस यंत्राचं पोर. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात १८९७ साली विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हॉर्टन या दोघांनी ते यंत्र बनवलं, आणि यातले मॉरिसन दातांचे डॉक्टर होते. (धंद्याची दूरदृष्टी याला म्हणावं.) त्यात साखर वितळते आणि फिरत्या भांड्याच्या बारीक भोकांतून तंतू होऊन बाहेर फेकली जाते. पश्मकाला ना भोक लागतं, ना भिंगरी. तो हातांनी ओढून होतो, आणि त्यात पीठ असतं.

यज्द हे विणकरांचं जुनं गाव. मार्को पोलो तेराव्या शतकात इथून गेला तेव्हा त्याने इथल्या रेशमी कापडाची नोंद केली, आणि गावाच्या नावावरूनच त्या कापडाला यज्दी म्हणत असंही सांगितलं. आजही इथे तेर्मे नावाचं भरजरी कापड विणलं जातं. अशा गावाला मिठाईसुद्धा धाग्यांचीच सुचावी हे मला फार आवडलं. हे इतिहासाचं म्हणणं नाही, माझं आहे.

मी उतरले होते ते घर फहादान भागात, जुन्या वस्तीत. माती आणि गवताच्या गिलाव्याच्या भिंती, दोन्ही बाजूंनी अंगावर येणारी बोळं. लाकडी दाराला दोन वेगवेगळ्या कड्या होत्या, पुरुषांनी वाजवायची जाड आणि बायकांनी वाजवायची वाटोळी, म्हणजे आवाजावरून आत कळावं कोण आलंय. आत चौक, मध्ये हौद, हौदाकाठी डाळिंबाचं झाड. घर चालवणाऱ्या बाईंना सगळे खानूम म्हणत, मीही तेच म्हणू लागले. त्यांना मोडकं इंग्रजी येई, मला मोडकं फारसी. उरलेलं काम त्यांच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा फोन करी.

पश्मकाचं खोकं घेऊन आले तेव्हा खानूमनी ते पाहिलं आणि नाक मुरडलं. आमचे आगाजून इथे असताना तुम्ही विकत आणलंत? आगाजून म्हणजे त्यांचे सासरे. ऐंशीच्या आसपासचे, वाकलेले. पण कोपरापासून खालचे हात अजून तालमीतल्या पैलवानाचे. बाराव्या वर्षापासून पश्मकाच्या कारखान्यात होते. तिथे पाच-सहा माणसं मोठ्या परातीभोवती बसत आणि दिवसभर ओढत. कारखान्यात सगळे त्यांना ‘उस्ता’ म्हणायचे, असं नातवाने सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. फोनने ते म्हाताऱ्याला ऐकवलं. त्यांनी बाही वर केली, दंड दाखवला आणि त्याच रात्री पश्मक करायचं ठरलं.

आधी पीठ. खानूमनी कणीक लोण्यावर मंद आचेवर भाजायला घेतली. वास सुटला तसा मला माझ्या माहेरचा दिवाळीच्या आधीचा आठवडा आठवला. रंग बदामी व्हायच्या आतच त्यांनी ती उतरवली, दोनदा चाळली आणि एका मोठ्या थाळ्यात पसरली. त्या थाळ्याला त्या सिनी म्हणत. मी चाळणीची दुसरी फेरी कशाला असं हाताने विचारलं. त्यांनी चिमूटभर पीठ माझ्या बोटांत दिलं आणि चोळायला लावलं. एक जरी गाठ राहिली तर धागा तिथे तुटतो.

मग पाक. दोन वाट्या साखर, पाऊण वाटी पाणी, एका लिंबाचा रस. लिंबू चवीसाठी नसतं. आंबटपणाने साखर फुटते, तिच्यातली थोडी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि मग पाकात पुन्हा साखरेचा रवा धरत नाही. रवा धरला की ओढणं संपलं. पण लिंबू जास्त झालं तरी पाक चिकट होतो आणि हवेतलं पाणी शोषून घेतो, तेव्हा हात आखडता. आगाजून ढवळत नव्हते. कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या फडक्याने पुसत होते, बस्स.

पाकाची वाफ कमी झाली, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले. थर्मामीटर नव्हता, असता तर १३० अंशांच्या पुढे गेला असता. म्हाताऱ्याने चमच्याने एक थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी बाहेर काढला, दातात धरला. कट्. मग दुसरा थेंब सोडला आणि वाटी माझ्यापुढे धरली.

इथे मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, कडक: आमच्या घरात मुलींना पाढ्यांबरोबर पाक शिकवत. चिक्कीचा पाक झाला की नाही हे आजी थेंब ताटलीत टाकून ठरवायची, टण्ण आवाज आला तर गॅस बंद. मी थेंब काढला आणि सिनीच्या कडेवर टाकला. टण्ण. आगाजून माझ्याकडे पाहून हसले. आमच्या दोघांच्या भाषा जिथे संपल्या तिथून पुढचं बोलणं त्या थेंबावर भागलं. तसंही साखरेला ते ‘शकर’ म्हणतात आणि चहाबरोबर दातात धरायच्या खड्याला ‘कंद’. दोन्ही शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेले, शर्करा आणि खंड. आपला ‘वस्ताद’ तिकडून आला, तेव्हा हिशेब जवळजवळ फिटला.

पाक तेल लावलेल्या दुसऱ्या सिनीत ओतला आणि सिनी चौकात हौदाच्या दगडी कठड्यावर ठेवली. मधासारखा पिवळा, आरपार दिसणारा. कडा गार होऊन घट्ट होतात, मधला भाग मात्र पेटता असतो. म्हणून कडा सारख्या आत दुमडायच्या. हात लावण्याजोगा झाल्यावर म्हाताऱ्याने तो गोळा उचलला, लांब ओढला, दुमडला, पुन्हा ओढला. आपल्याकडे जत्रेतले रेवडीवाले गुळाचा पाक खुंटीला अडकवून ओढतात, तसंच. फक्त इथे खुंटी म्हणून नातू उभा होता. दहा-बारा मिनिटांत पिवळा रंग गेला आणि मोत्याची झाक आली. रंग काही घातला नव्हता. ओढताना आत हवा शिरते आणि प्रकाश तिच्यावर विखुरतो, तोच तो पांढरा.

मग त्याचं कडं केलं, टोकं चिमटून एकजीव केली आणि कडं भाजलेल्या पिठात बसवलं. जमिनीवर सोफ्रे अंथरली, जेवणासाठी घालतात ते कापड. सिनी मधोमध, चार दिशांना चौघे: आगाजून, खानूम, नातू आणि मी. प्रत्येकाने आपल्यापुढचा कड्याचा भाग पिठासकट मुठीत दाबायचा, किंचित ओढायचा आणि शेजाऱ्याकडे सरकवायचा. कडं फिरत फिरत मोठं होतं. सिनीच्या काठाला टेकलं की त्याला पीळ देऊन आठचा आकार करायचा आणि एक वेढा दुसऱ्यावर घालायचा. एकाची दोन कडी झाली. पुन्हा तेच.

‘आठचा आकार’ हे मला नातवाने सांगितलं आणि मी हवेत ८ काढला. त्याने मान हलवून ۸ काढला, त्यांचा आठ, तंबूसारखा. पिळलेलं कडं दोघांच्याही आठासारखं दिसत नव्हतं. शेवटी इंग्रजी आठावर तडजोड झाली.

हिशेब सोपा आहे आणि तरी डोकं गरगरतं. दर घडीला धागे दुप्पट. सात घड्यांना १२८, दहा घड्यांना १०२४, चौदा घड्यांना १६,३८४. सहाव्या घडीपर्यंत आमच्यापुढे नुसता दोरखंड होता. तिथेच माझा हात घाईला आला. मी जोराने ओढलं आणि कडं माझ्यापुढे तुटलं. “यवाश, दोख्तरम, यवाश,” म्हातारा म्हणाला. हळू, पोरी, हळू. पन्नाशीच्या बाईला पोरी म्हणणारं माणूस आता क्वचित भेटतं, त्यामुळे मी निमूटपणे ऐकलं. त्यांनी तुटलेली टोकं एकमेकांवर ठेवून दाबली, पिठाखाली झाकली, आणि कडं पुन्हा फिरू लागलं. जोर हातात नसावा, बोटांच्या पेरांत असावा, हे त्यांनी माझी मूठ आपल्या मुठीत धरून दाखवलं. सगळ्यांचा वेगही एक हवा. एकाने घाई केली तर त्याच्यापुढे धागा बारीक होतो आणि शेजाऱ्यापुढे जाड राहतो. म्हणून चौघांनी एका लयीत दाबायचं, दळताना जात्याच्या खुंट्यावर दोघींचे हात जसे बरोबर फिरतात तसं.

नवव्या घडीला शेवया दिसू लागल्या. अकराव्या-बाराव्याच्या दरम्यान कधीतरी, कुणाचं लक्ष नसताना, सिनीत लोकर आली. पीठ धाग्यांच्या मधे जाऊन बसलं होतं. तूप-पिठाचा तो पातळ थर नसता तर हे सगळे धागे एकमेकांना चिकटून पुन्हा एकच दांडा झाला असता. चौदाव्या घडीनंतर म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी ती लोकर उचलली, झटकली, आणि कापसाच्या पेळूसारखी पिळून माझ्या बशीत ठेवली. वर भरडलेला पिस्ता.

“खस्ते नबाशीद,” खानूम सगळ्यांना म्हणाल्या. काम करणाऱ्या माणसाला इराणमध्ये हे आवर्जून म्हणतात. अर्थ असा की दमू नका. हेच ‘खस्ता’ आपण हालत खस्ता झाली म्हणताना वापरतो. माझी खरोखरच खस्ता झाली होती. मी खांदे चोळत बसले होते आणि ऐंशीचे आगाजून सिनी घासायला घेऊन चालले होते.

खाताना मला सोनपापडीची आठवण झाली, आणि थोडी लाजही वाटली. दिवाळीत एका घरातून दुसऱ्या घरात फिरणाऱ्या त्या डब्यांची आपण इतकी टिंगल करतो! तीही याच ओढण्याच्या कसबाची. तिचे धागे मोडून वड्या पाडलेल्या असतात, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत एवढंच. तुर्कस्तानात पिशमानिये, चीनमध्ये ड्रॅगनची दाढी: एवढ्या लांब पसरलेलं हे घराणं आहे. आता मी सोनपापडीला नावं ठेवत नाही. पुढच्या घरी पोचवते मात्र अजूनही.

दुसऱ्या दिवशी नातू मला एका कारखान्यात घेऊन गेला. तिथे ओढायचं काम यंत्राचे दोन लोखंडी हात करतात. केशराचा, कोकोचा, तिळाचा पश्मक डब्यांत भरला जात होता. परत येऊन मी आगाजूनना विचारलं, यंत्र पाहून वाईट नाही वाटत? ते म्हणाले, “त्याचे खांदे दुखत नाहीत.” एवढंच. हातांच्या कारागिरीबद्दल हळहळायला मी तयार होऊन आले होते. ज्याने ती साठ वर्षं केली त्याला काही हळहळ नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी अग्यारी पाहिली. तिथला अग्नी इसवी सन ४७० पासून तेवत आहे असं मानतात. आजची इमारत १९३४ ची, मुंबईच्या पारशांच्या मदतीने उभी राहिलेली. याच यज्दच्या आसपासच्या गावांतून एकोणिसाव्या शतकापासून झरतुश्ती कुटुंबं मुंबई-पुण्याला आली आणि त्यांनी आपल्याला इराणी हॉटेलं दिली. चहा, बनमस्का, खारी, मावा केक. पश्मक काही त्या कपाटांत दिसला नाही. का दिसला नाही याचं माझ्यापुरतं उत्तर मला पुढच्या ऑगस्टमध्ये मिळालं.

ऑगस्टमध्ये पुण्यात, बाहेर झिमझिम चालू असताना, उत्साहाच्या भरात मी पाक केला. थेंब टण्ण वाजला. कडं झालं. तिसऱ्या घडीला ते घामेजल्यासारखं चमकू लागलं, पाचव्या घडीला बोटांना चिकटलं, आणि पीठ धाग्यांमध्ये जायच्याऐवजी त्यांच्यावर लापशीसारखं बसलं. साखरेचा असा पाक हवेतलं पाणी पितो, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या हवेत त्या दिवशी प्यायला भरपूर होतं. नवऱ्याने तो गोळा चमच्याने खाल्ला आणि इराणी खरवस छान झालाय म्हणाला.

खरं तर मला हे ठाऊक असायला हवं होतं. संक्रांतीचा हलवा आई पहाटे चारला उठून करायची. परातीत तीळ किंवा खसखस, खाली मंद शेगडी, आणि पाक चमचा-चमचा सोडत बोटांनी फिरवत राहायचं. थंडी कोरडी असली तरच काटा उभा राहतो. ढगाळ हवा आली की ती परात झाकून ठेवायची आणि म्हणायची, आज हात लावायचा नाही. हवा हाही पदार्थातला एक जिन्नस आहे हे ती न सांगता जाणत होती. मी ते यज्दमध्ये दोरीवरच्या ओढणीत पाहूनही विसरले.

जानेवारीत, हलवा करतात त्याच आठवड्यात, दुसरा प्रयत्न केला. सकाळी दहा वाजता, खिडक्या बंद, चुलीवर दुसरं काही उकळत नाही. मी, नवरा, शेजारच्या वहिनी आणि त्यांचा दहावीतला मुलगा. आठव्या घडीला वहिनींच्या पुढे कडं तुटलं आणि “हळू, पोरी” म्हणायची पाळी माझी आली. अकरा घड्या झाल्या. बारावीला ते तीन ठिकाणी तुटलं आणि आम्ही थांबलो. लोकर म्हणता येणार नाही. जाडसर शेवया म्हणता येतील. भाजलेल्या पिठाची चव मात्र हुबेहूब, डोळे मिटले तर हौदाकाठची.

तुम्हाला करून बघायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. पावसाळ्यात आणि समुद्रकाठी या वाटेला जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी सकाळ निवडा, पीठ दोनदा चाळा, लिंबू एकच पिळा आणि तीन माणसं आधीच सांगून ठेवा. एकट्याने होत नाही. झाल्यावर लगेच खा किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरा; आमचा उरलेला पश्मक संध्याकाळपर्यंत बशीतच राहिला होता आणि रात्री त्याचा पापड झाला.